बाराव्याचा पेला

चारकोप, सेक्टर पाच
६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

चि. प्रज्योत यास,

आशीर्वाद. हे रीत म्हणून लिहिलंय, मनात सध्या वेगळंच आहे.

धर्माला जाऊन आज तीन दिवस झाले. माझा एकच भाऊ. त्याच्यासाठी शांतपणे रडायला बसले होते, तेवढ्यात मोबाइलवर तुझं निमंत्रण आलं. वर समई, मधे धर्माचा कोट घातलेला फोटो (कोट कोणाचा आहे? त्याच्याकडे नव्हता) आणि खाली मजकूर: शुक्रवारी चौदा तारखेला प्रार्थनासभा, सायंकाळी सहा ते साडेसात, शुभ्र वस्त्रांत यावे. एसी हॉल, माणशी पाण्याची एक छोटी बाटली आणि भजनाला दोन बायका. होडी सांभाळणाऱ्या नंदकिशोरला तू फोनवर सांगितलंस म्हणे, "काका, या वेळी पेला नाही."

फोन करू नकोस. फोनवर मला रडू येतं आणि मग तू जिंकतोस. कागदावर लिही. सुगंधा रोज सकाळी वेसाव्याहून मासळी घेऊन आमच्या बाजारात येते, दुपारी परत जाते. तिच्या पाटीतून हे पत्र येईल. तुमचा वॉचमन तिला सामानाच्या लिफ्टनेच वर पाठवतो, त्यामुळे जरा उशीर होईल. उत्तरही तिच्याकडेच दे.

तू विसरलास म्हणून सांगते. आपल्या वेसाव्याच्या गल्लीत बाराव्याच्या संध्याकाळी होडीवरची माणसं बसतात. गेलेल्या माणसाचा पेला भरून समुद्राच्या बाजूला ठेवतात. थोरला मुलगा आपल्या पेल्यातून दारूचा पहिला घोट घेतो, मग बाकीचे घेतात. हे झाल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही. आज धर्माची होडी वाळूत उभी आहे. नंदकिशोर आणि सहा खलाशी जाळी शिवत बसलेत आणि तू त्यांना बिसलेरी पाजणार आहेस.

मी दारूची वकिली करतेय असं समजू नकोस. आठवीत सिस्टरनी आम्हा सगळ्या मुलींकडून लिहून घेतलं होतं की आयुष्यात दारूला शिवणार नाही. वर्गातल्या बत्तीस जणींपैकी ती शपथ पाळणारी बहुधा मी एकटीच उरले असेन. फिलोमिनाने तर स्वतःच्या लग्नातच मोडली. पण त्याच फिलोमिनाचे वडील गेले तेव्हा मी मरोळला गेले होते. मातीहून परत आल्यावर प्रत्येकाच्या हातात सँडविच आणि एक पेग. फादरसुद्धा बसले होते. म्हातारा कसा होता ते लोक दोन तास सांगत राहिले. कोणाची अब्रू गेली नाही.

मग तुझीच का जाते? चौदाव्या मजल्यावर राहायला गेलं की दारू वाईट होते? की ती फक्त ऑफिसच्या पार्टीत चालते आणि खलाशांच्या हातात दिसली की तुझ्या नमिताच्या मैत्रिणींना वास येतो? धर्माला तू गुडघ्यांचं निमित्त काढून वर नेलंस आणि त्या गॅलरीत टांगून ठेवलंस. तेव्हा मी काही बोलले नाही. आता बोलणार.

पेला होणार नसेल तर मी तुझ्या हॉलमध्ये येणार नाही. पांढरी साडी आहे माझ्याकडे, पण ती धर्मासाठी आहे, एसीसाठी नाही.

तुझी आत्या,
कुंदा

*

अंधेरी
७ नोव्हेंबर

ती. कुंदाआत्यास सा. नमस्कार.

तुझं पत्र सुगंधाकाकीने काल दुपारी दिलं. पापलेटाचं पाणी लागून दोन ओळी पुसल्या गेल्यात, पण त्यात काय असेल याचा अंदाज आला.

कोट फोटोग्राफरने कॉम्प्युटरवर घातला. मलाही आवडला नाही. बदलतो.

पेल्याचं मात्र राहू दे. हॉलवाले दारूला परवानगी देत नाहीत. आईची तब्येत बरी नाही. नंदूकाकांना आणि खलाशांना मी तेराव्याला घरी जेवायला बोलावलंय, मटण, मासळी, सगळं. त्यांची गैरसोय होणार नाही.

होडीचं म्हणशील तर लोक आता एवढं मानत नाहीत. काकांना मी समजावेन.

नमिताचा यात काहीच संबंध नाही. तिच्यावर राग काढू नकोस. आणि बाबांना मी टांगून ठेवलं नव्हतं.

आत्या, एकदाच माझं ऐक आणि कारण विचारू नकोस. पेला नसता तरी बाबांना चाललं असतं. हे मी उगाच म्हणत नाही.

तू यावंस. पुढच्या रांगेत आईशेजारी तुझी खुर्ची आहे.

तुझा,
प्रज्योत

*

चारकोप
८ नोव्हेंबर

चि. प्रज्योत,

आशीर्वाद.

विमा कंपनीत मी पस्तीस वर्षं साहेब लोकांची पत्रं टाइप केली. "गैरसोय होणार नाही" असं कधी लिहितात ते मला चांगलं ठाऊक आहे. द्यायचं काहीच नसलं की लिहितात.

हॉलवाले परवानगी देत नाहीत? पेला हॉलमध्ये कोणी मागितला होता? नंदकिशोरचं अंगण आहे. आईची तब्येत बरी नाही? पुतळावहिनीशी मी काल बोलले. ती म्हणाली, "प्रज्योत म्हणेल तसं." चाळीस वर्षं धर्माला उठताबसता शिकवणारी बाई आता मुलगा म्हणेल तसं म्हणते, तेव्हा घरात काहीतरी शिजतंय. बहुतेक माझ्या भावाची लाज.

आणि "बाबांना चाललं असतं"! मेलेल्या माणसाच्या वतीने बोलणं फार सोपं असतं. धर्मा रोज संध्याकाळी दोन पेले रम घेत असे. वीस वर्षांचा होता तेव्हापासून मी बघतेय. दोनच घ्यायचा, कधी तिसरा नाही, आणि त्यानंतर गाणं म्हणायचा. वाईट म्हणायचा, पण म्हणायचा. त्याच्या बाराव्याला त्याचा पेला कोरडा?

तू आणणार नाहीस म्हणून मीच आणली.

काल सकाळी अकरा वाजता मी, वय वर्षं अडुसष्ट, चारकोपच्या वाइन शॉपसमोर रांगेत उभी होते. पुढे दोन रिक्षावाले, मागे एक कॉलेजातला. सगळ्यांनी मला पुढे जायला जागा दिली. इतका मान मला बँकेतही मिळत नाही. दुकानदार म्हणाला, "आंटी, कौनसी?" मी म्हटलं, "रम. मेलेल्या माणसासाठी आहे, चांगली द्या." त्याने जरा विचार केला आणि वरच्या फळीवरची काढली. शेजारच्या ब्लॉकमधली रुक्मिणी समोरून देवळात चालली होती. तिने बघितलं. आता सेक्टर पाचमध्ये माझ्याबद्दल काय बोलतील ते बोलोत.

बाटली सुगंधाबरोबर पाठवतेय. पाटीत बोंबलांच्या खाली आहे. तुझ्याच हातात द्यायला सांगितलंय, पुतळावहिनीच्या नाही आणि नमिताच्याही नाही. चौदा तारखेला ती घेऊन नंदकिशोरकडे जा. एक घोट घे, मग तुझ्या हॉलमध्ये जा. एका घोटाने कोणी बिघडत नाही.

कुंदाआत्या

*

अंधेरी
९ नोव्हेंबर

ती. आत्यास,

काल दुपारी तीन वाजता सुगंधाकाकीने बाटली माझ्या हातात दिली. तू सांगितलं होतंस तसंच. घरात मी एकटा होतो. आई आणि नमिता वेसाव्याच्या घरी गेल्या होत्या, मुलगी क्लासला.

मी बाटली स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवली आणि समोर स्टुलावर बसलो. साडेपाचला नमिता आली तेव्हा मी तिथेच होतो. तिने आधी बाटली बघितली, मग माझ्याकडे बघितलं, बाटलीवर फडकं टाकलं आणि चहा ठेवला.

तीच बाटली या पत्राबरोबर परत येतेय. सील तसंच आहे. बघून घे.

आता तुला सांगायलाच हवं. हे आई, नमिता आणि बाबा सोडून कोणालाही माहीत नाही.

ऑफिसच्या पार्टीबद्दल तू लिहिलंस ते बरोबर आहे. सुरुवात तिथूनच झाली. पुढे पार्टी लागेनाशी झाली. गाडीत बाटली असायची, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असायची. गेल्या वर्षी जुलैमध्ये मुलीला शाळेतून आणायला गेलो आणि गाडी शाळेच्या गेटवर घातली. कोणाला लागलं नाही. मुलगी बघत होती. नमिता तिला घेऊन माहेरी गेली आणि मी उपचार सुरू केले.

तेव्हा बाबा आले. एक पिशवी घेऊन. म्हणाले, "गुडघे दुखतात म्हणून सांगू सगळ्यांना." आत्या, त्यांचे गुडघे ठणठणीत होते. ते माझ्यावर नजर ठेवायला आले होते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता त्यांनी गॅलरीत दोन पेले मांडले. मी घाबरलो. त्यांनी त्यात लिंबू पिळलं, सोडा ओतला, मीठ टाकलं. दारू सोड असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "मीपण बघतो, जमतंय का." तो दोन पेल्यांचा माणूस त्या दिवसापासून एक थेंब प्यायला नाही. नंदूकाकांना सांगितलं, डॉक्टरने बंद केलीय.

त्यांनी गॅलरीच्या गजाला जाळ्याचं सूत बांधलं होतं. रोज लिंबूसोडा संपला की त्यावर एक गाठ मारायचे. जाळ्याची पक्की गाठ. महिन्याभराने नमिता आणि मुलगी परत आल्या तेव्हा मुलीने विचारलं, हे काय? म्हणाले, "तुझ्या बापाचं जाळं विणतोय." दोन तारखेला संध्याकाळी गाठ मारली आणि तीन तारखेच्या सकाळी गेले.

सूत तिथेच आहे. त्यानंतर एकही गाठ नाही. मला ती गाठ मारता येत नाही. होडी चालवणाऱ्या तांडेलाचा मुलगा असून येत नाही, त्यावर तू नंतर बोल.

म्हणून पेला नाही. पहिला घोट मला घ्यावा लागतो आणि बाकीच्यांसाठी तो एक घोट असतो. माझ्यासाठी नसतो. गल्लीसमोर उभं राहून मी हे सांगू शकत नाही. लाज म्हणालीस ना? आहे. बाबांची नाही, माझीच.

प्रज्योत

*

चारकोप
११ नोव्हेंबर

माझ्या प्रज्योता,

काल सोमवार, सुगंधा बाजारात बसत नाही, म्हणून उत्तराला उशीर. ती बसली असती तरी मला कालचा दिवस लागलाच असता.

मी चुकले. पस्तीस वर्षांत साहेबांनी हे वाक्य मला कधी टाइप करायला सांगितलं नाही, म्हणून सवय नाही. पण हाताने लिहिता येतं असं दिसतंय. मी तुझ्या घरात बाटली पाठवली, तुझ्याच हातात द्यायला सांगितली आणि वर लिहिलं की एका घोटाने कोणी बिघडत नाही. त्या स्टुलावर तू अडीच तास बसलास. मी सील बघितलं नाही. बाटली पिशवीतून न काढताच कपाटात साड्यांच्या मागे ठेवली.

नमिताबद्दल मी जे लिहिलं ते तू तिला वाचायला दिलं असशील तर फाडून टाकायला सांग. दिलं नसशील तर देऊ नकोस. फडकं टाकून चहा ठेवणं मला सुचलं नसतं. मी दोन तास बोलले असते.

आणि धर्मा! सव्वा वर्ष माझ्याशी खोटं बोलला. दर आठवड्याला मी फोनवर विचारायचे, गुडघे कसे आहेत, आणि तो कण्हून दाखवायचा.

आता काम. खलाशी जाळी शिवत बसलेत आणि होडी वाळूत आहे, ही गोष्ट खरी आहे. नंदकिशोरला तू समजावू नकोस, त्याला कारण हवं असेल आणि तू देऊ शकणार नाहीस. चौदा तारखेला तू, पुतळावहिनी, नमिता सगळे हॉलवर जा. लोकांना नमस्कार करा, पाणी पाजा. त्याच वेळी पेला नंदकिशोरच्या अंगणात होईल, तुझ्या घरापासून आणि हॉलपासून लांब. बाटली मी नेईन. तू तिकडे फिरकायचं नाहीस. पहिल्या घोटाचं माझ्यावर सोड.

एक मात्र तूच सांग. धर्माच्या पेल्यात काय ओतायचं? परवापर्यंत मला वाटत होतं की मला ठाऊक आहे.

कुंदाआत्या

*

१२ नोव्हेंबर

आत्या,

आज दहावा, घाईत आहे. कावळा लगेच शिवला.

एका पेल्याला दोन लिंबं. सोडा काठोकाठ. मीठ दोन चिमटी. साखर नाही, बर्फ नाही. सोबत त्यांचा स्टीलचा पेला पाठवतोय. बाबा त्यातूनच घ्यायचे.

पहिला घोट कोण घेणार? नंदूकाका ऐकणार नाहीत. तू भांडू नकोस.

प्रज्योत

*

चारकोप
१५ नोव्हेंबर

चि. प्रज्योत,

आशीर्वाद. या वेळी मनापासून.

भांडले नाही. थोडंच भांडले.

सहा वाजता मी नंदकिशोरच्या अंगणात पोचले. पांढरी साडी, एका हातात बाटली, दुसऱ्या हातात लिंबांची पिशवी. सात माणसं चटईवर बसली होती. नंदकिशोर उठून म्हणाला, "बाय, पोरगा कुठे?"

"हॉलवर. लोकांचे नमस्कार घेतोय."

"मग पेला कसा होणार? पहिला घोट पोराचा."

"पोरगा नसेल तर आत्याचा."

"हे कधीपासून?"

"तू चड्डीत फिरायचास तेव्हापासून. पोराचं नाव कोण ठेवतं? पाळण्यावर वाकून त्याच्या कानात कोण सांगतं?"

"आत्या," अंबादास मागून बोलला. तो सगळ्यात धाकटा खलाशी, त्याला गप्प बसवत नाही.

"मग ज्याचं नाव मी ठेवलं, त्याच्या जागी मी उभी राहू शकते. असं कुठे लिहिलंय विचारशील, तर बाकीचं तरी कुठे लिहिलंय?"

नंदकिशोरने डोकं खाजवलं. बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "माझी आजी सांगायची असं काहीतरी." त्याची आजी असं काही सांगत नव्हती, हे मला आणि त्याला दोघांनाही ठाऊक होतं. देव त्याचं भलं करो.

मग मी धर्माचा स्टीलचा पेला काढला आणि लिंबू पिळायला बसले. सगळे बघत राहिले. सोडा ओतला, मीठ टाकलं, पेला समुद्राच्या बाजूला ठेवला. मला वाटलं, आता विचारतील. नंदकिशोर उकिडवा बसला आणि त्याने पेल्याचा वास घेतला.

मग म्हणाला, "रविवारी बंदरावर यायचा तेव्हा हेच प्यायचा. आम्ही बाटली पुढे केली तर म्हणायचा, डॉक्टर नको म्हणतो. पण बाय, डॉक्टरने बंद केलेला माणूस तोंड वाकडं करून बसतो. हा खूश असायचा. आम्ही विचारलं नाही."

"बरं केलंस," मी म्हटलं.

"आतापण विचारत नाही."

त्याने बाटली फोडली, माझ्या पेल्यात बोटभर ओतली. अंबादास म्हणाला, "बाय, थम्सअप टाकू? मुली तसंच घेतात." मी म्हटलं, "मुलगी मी एकोणीसशे सत्तरमध्ये होते." सगळे हसले. बारा दिवसांत त्या अंगणात पहिल्यांदा.

मी समुद्राकडे बघून घोट घेतला. चव सांगते. लहानपणी खोकल्याला जे लाल औषध मिळायचं तशी, फक्त औषध जास्त बरं होतं. घशातून खाली जाताना कळत होतं की आता इथे आहे, आता इथे आहे. पंचावन्न वर्षांची शपथ होती. सिस्टर आता हयात नाहीत. वर भेटल्या तर मी त्यांना सांगेन की एका मुलाच्या जागी उभी होते, आणि त्या सोडून देतील. नाही सोडलं तर बघू.

मग सगळ्यांनी घेतली. जास्त नाही, एक एक. धर्माच्या गोष्टी निघाल्या. त्याचं ते गाणं नंदकिशोरने म्हटलं, तेही वाईटच. साडेसातला पेले धुतले. आज सकाळच्या भरतीला होडी गेली. सुगंधाने बघितली.

मी निघाले तेव्हा नंदकिशोर एवढंच म्हणाला, "प्रज्योतला सांग, बंदरावर ये कधी. लिंबू असतं आमच्याकडे."

एक भानगड झालीय. पलीकडच्या दारातल्या शांताबाईने काल विचारलं, "आमच्या पोरांची आत्या वसईला असते. कधी वेळ आली तर तिला आणावी लागेल का?" मी म्हटलं, "लागेल." आता पद्धत झाली. इलाज नाही.

कुंदाआत्या

*

अंधेरी
१६ नोव्हेंबर, सकाळ

ती. आत्यास,

पत्र नमिताने मोठ्याने वाचलं. आई थम्सअपवर इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग रडली. मीपण.

थँक्यू लिहिणार नाही, साहेबाचं पत्र समजून तू समास किती सोडलाय ते मोजत बसशील.

खरं सांगायचं तर हॉल, लोक, दहावं, बारावं हे सगळं निभावलं. अवघड आहे ती सहाची वेळ. मी रोज दोन पेले मांडतो. सवय आहे म्हणून हात आपोआप दोन घेतो. एक पितो आणि दुसऱ्याकडे बघत बसतो. काल वाटलं, सूत कापून टाकावं. तेरा दिवस त्यावर गाठ नाही, बघवत नाही. कात्री घेतली होती. मग ठेवली.

तुला हे कळवून ठेवावंसं वाटलं, एवढंच.

प्रज्योत

*

चारकोप
१६ नोव्हेंबर, दुपार

प्रज्योत,

सुगंधा खाली उभी आहे, पाटी आवरून झालीय, म्हणून चार ओळी.

सुताला हात लावायचा नाही. कात्री नमिताकडे दे.

सिस्टरांच्या शाळेत नाव घालायच्या आधी मी काय करत होते असं तुला वाटतं? धर्माच्या शेजारी बसून जाळी विणत होते. त्याच्यापेक्षा माझी गाठ घट्ट यायची, त्यावरून तो मला मारायचा. बोटं विसरली असतील असं वाटलं म्हणून आत्ता पडद्याच्या दोरीवर मारून बघितली. येते.

आजची धरून चौदा राहिल्यात. तेरा मी मारेन, चौदावी तुला शिकवेन.

सहाला येते. वॉचमनला सांग, मी मोठ्या लिफ्टने येणार आहे आणि सुगंधा माझ्याबरोबर आहे. दोन पेले मांड. माझ्यात मीठ एकच चिमूट, मला बीपी आहे.

आत्या